घर की दुकान?

हॅलो? … हॅलो? कोण बोलतंय? … अगं ठमे, तू होय! थांब, फोन उलटा धरला होता वाटतं मी… हां. आता बोल.

… माहितीये गं. चार वाजता तुझ्या झग्याची मालिका लागणार. सकाळपासून तिसऱ्यांदा सांगतेयस. … आपल्या घड्याळात तीन पस्तीस. पण ते पाच मिनिटं मागे आहे. म्हणजे वीसच मिनिटं राहिली की! अगं बाई!

… टीव्ही? आहे ना. भिंतभर आहे. … छान म्हणजे… आता काय सांगू. … नाही नाही, चालू होतो. … अगं ऐक ना, तुला वाईट वाटेल म्हणून बोलत नव्हते मी. तू एवढ्या हौसेनं पाठवलास, पण चित्र नुसतं डोळ्यांत घुसतं गं. बातम्या सांगणारी बाई नारंगी. गवत असलं हिरवं की कुणी आत्ताच वर बादली ओतून गेलंय. … तुझा झगा? काल जाहिरातीत दिसला ना, जेमतेम डोळ्याची पापणी लवेपर्यंत. … निळा. … नाही, पारवा नाही, निळा. शाईसारखा निळा. … गळ्यावरची वेल? कसली वेल? वेल दिसलीच नाही मला.

… रडतेयस का? … मग नाक का ओढतेस?

… बाबांनी पाहिला की. "हं" म्हणाले. … तोच "हं". लाल कापडावर गुलाबी दोरा मागणारं गिऱ्हाईक आलं की येतो ना, तो.

… अगं, मला का कळत नाही? तू इथला दोऱ्या-बटणांचा गल्ला सोडून त्या शूटिंगवाल्यांचे कपडे शिवायला गेलीस, तेव्हापासून तीन वर्षं यांचं एकच पालुपद. त्या झगझगीत दिव्यांत राहून पोरीची नजर जाणार. म्हणून तर तू टीव्ही पाठवलास, की बघा बाबा, नजर गेली की राहिली. आणि मेल्या टीव्हीनंच घात केला!

… हो, हो… करू या नीट. सांग तू. वीस मिनिटं आहेत. … रिमोट हातातच आहे. … बोल, ऐकतेय. … हॅलो? … हॅलो? अगं आवाज का येत नाही तुझा? … अय्या! रिमोट धरलाय मी कानाला. हसू नकोस! एका हातात हे, एका हातात ते, माणसाची काय तारांबळ.

हां, दाबलं. चाकासारखं चित्र असलेलं बटण. … आली यादी. … पिक्चर. … पिक्चर मोड. … त्यात विविड लिहिलंय. म्हणजे काय? … भडक? मग भडक लिहायचं ना सरळ, लोक सावध तरी राहिले असते. … सिनेमा करू? अगं मला सिनेमा कुठे बघायचाय, मला तुझा झगा बघायचाय. … बरं बाई, केलं सिनेमा.

… शार्पनेस. पन्नास आहे. … दहावर आणू? कमी केल्यावर दिसायचं कसं? कात्री बोथट करून कुणी कापड कापतं का? … बरं, तू म्हणतेस तर. … पंचेचाळीस… चाळीस… अगं किती वेळा दाबायचं हे! … दाबून धरू? आधी नाही सांगायचं?

… झालं. पुढे? … कलर टेम्परेचर. याला काय ताप आलाय की काय? … कूल आहे. … वॉर्म करू? आधीच इथे उकडतंय. … हो, हो, केलं. तू ओरडू नकोस.

… अगं! … अगं ठमे! माणसासारखी दिसायला लागली की गं ती बाई! गाल गालासारखे! मागचा पडदा मी लाल समजत होते, तो विटकरी आहे! … काय जादू केलीस गं?

… पण टिकायचं नाही हे. … नाही टिकत. पाहिलंय ना मी. मी आपली इकडून-तिकडून बटणं दाबून जरा बरं करते, दूध बघायला आत जाते, आणि परत येते तर बाई पुन्हा नारंगी. … कोण म्हणजे? तुझे बाबा! दुसरं आहे कोण घरात? मी पाठ वळवली की हे येऊन पुन्हा भडक करून ठेवतात. मुद्दाम. तुझ्या टीव्हीला नावं ठेवायला निमित्त हवं ना! … विचारलं की. तर उलट माझ्यावरच! म्हणे, तूच सारखी चाळे करतेस, तुलाच रंगातलं कळत नाही. मला! चाळीस वर्षं ज्यांच्या शेजारी बसून दोरे निवडले त्यांनी मला म्हणावं! मग मीही म्हटलं, ठीक आहे, बोलायचंच नाही.

… नऊ दिवस झाले. … चालतं की. गिऱ्हाईकाकडून निरोप देतो आम्ही. काल यांनी पोस्टमनला सांगितलं, "आत जरा विचारा, माझा चष्मा कुठे आहे." पोस्टमन बिचारा आत येऊन म्हणाला, "काकू, चष्मा." मी म्हटलं, "सांगा, डोक्यावर आहे."

… हसतेस काय? इथे जीव जातोय माझा.

… आत्ता ना? पुढे गल्ल्याशी आहेत. मला इथून खोलीतून पाठ दिसतेय. कोटवाल्या बाई आल्यात. … अगं त्या, दर महिन्याला त्याच कोटाचं बटण हरवतं त्यांचं. मग सातही बदलायला हवीत म्हणतात, जोडी जमत नाही म्हणून. … हो, हे बटणं शोधतायत. पण लक्ष कुठे आहे त्यांचं? एक डोळा इकडे आहे. आणि खिशात काय आहे सांगू? दोनशे अठराचं रीळ! सकाळपासून घेऊन फिरतायत. … हो, तेच. तू झग्याचा तुकडा पाठवला होतास ना, वेलीला कुठला दोरा लावू विचारायला, आणि यांनी दोनशे अठरा पाठवलं होतं, तेच. दुसरं रीळ ठेवून घेतलं होतं. आता चार वाजता टीव्हीवरच्या वेलीला लावून बघणार म्हणे, जुळतं का. … अगं खरंच. नऊ दिवस हेच तर चाललंय! दोऱ्यांच्या रंगांचं शेडकार्ड घेऊन बातम्यांतल्या बाईच्या गालाला लावतात. परवा म्हणाले, "नारंगी एकशे चौदा." मला नाही, खुर्चीला म्हणाले.

… हॅलो? … ठमे? गेलीस का? … मग एकदम गप्प का झालीस? … काही नाही काय?

… अगं! … अगं अगं, बदललं! … चित्र गं! पुन्हा भडक झालं! माझ्या डोळ्यांदेखत! … मी नाही काही दाबलं! रिमोट तिकडे टेबलावर आहे, मी इकडे खुर्चीत… आणि बाबा… बाबा बटणांच्या डब्यात हात घालून उभे आहेत. दोन्ही हात. … म्हणजे हे नव्हतेच करत गं.

… हो, मीही नव्हते करत. … मला काय माहीत! टीव्हीला भूत लागलंय.

… नाही म्हणजे वाईट वाटतंय थोडं. नऊ दिवस मी त्यांना… पण त्यांनीही मला म्हटलंच ना! आधी त्यांनी बोलायचं. मी का?

… काय? पडद्यावर खाली? खाली काही नाही. खाली पट्टी आहे. … अस्तराची. … अस्तराची गं, काळी, दोन बोटं रुंद. बाबांनी चिकटवलीय. … फाटला नाही टीव्ही! त्या जागी सारखी अक्षरं येत असतात. "जिवंत रंग", "अब्जावधी छटा", असली स्वतःची टिमकी. सगळ्या कार्यक्रमांवर. यांना झोंबलं ते. म्हणाले, ज्याला पारव्यातला आणि निळ्यातला फरक कळत नाही, त्यानं मला छटा शिकवू नयेत. आणि कापली पट्टी, लावली. … आम्हाला वाटलं, नवीन टीव्ही असतात असेच आगाऊ.

… अगं ओरडतेस का? … काय विचारलं असेल? … पहिल्या दिवशी? बसवायला माणूस आला तेव्हा मी दवाखान्यात होते, दाताला. बाबाच होते. … घर की दुकान? असं टीव्ही विचारतो? … थांब, विचारते.

अहो कोटवाल्या बाई! जरा यांना विचारता का… टीव्ही लावला त्या दिवशी, पडद्यावर काही विचारलं होतं का? घर की दुकान असं? … हो, हो, त्यांनाच विचारा, तुमच्या समोरच आहेत… बटणं राहू द्या दोन मिनिटं…

… ठमे, विचारलं होतं म्हणे. आणि यांनी "दुकान" सांगितलं. … दाबलं, ठासून. … का म्हणजे? म्हणतायत, मग खोटं कशाला सांगू? दार दुकानाचं, वर पाटी दुकानाची, विजेचं बिल दुकानाच्या नावावर, खोक्यावरचा पत्तासुद्धा दुकानाचा. त्यानं विचारलं कुठे आहेस, मी सांगितलं दुकानात. … आता काय बोलायचं याच्यावर! या माणसाच्या तोंडी "घर" हा शब्दच नाही. मागच्या खोलीत जेवायला बसले तरी कुणी आलं की म्हणतात, "दुकानातच आहे." तुलासुद्धा फोनवर काय विचारतात? "दुकानात कधी येतेस?" … माहितीये तू चिडतेस. तुला वाटतं, पुन्हा गल्ल्यावर बसायला बोलावतायत. … आता बोलावतही असतील, मला काय ठाऊक.

पण त्यानं बिघडलं काय? … हं… हं… दुकान म्हणजे टीव्ही विकायचं दुकान? … ओळीनं मांडलेले असतात म्हणून प्रत्येकानं शेजारच्यापेक्षा भडक दिसायचं… हं… आणि येणारंजाणारं गिऱ्हाईक बटणं दाबून जातं, म्हणून पाच-पाच मिनिटांनी आपोआप पहिल्यासारखं होतं… अगं बाई! म्हणजे नऊ दिवस तो टीव्ही आम्हाला गिऱ्हाईक समजतोय!

… अहो कोटवाल्या बाई, सांगा त्यांना! भडक मी करत नव्हते म्हणावं! … आणि… आणि त्यांनीही केलं नव्हतं, तेही सांगा. हळू सांगितलंत तरी चालेल.

… घड्याळ? पावणेचार. म्हणजे दहा मिनिटं. चल, सांग आता पटापट, कुठलं बटण? … ठमे? … काय? … राहू दे? काय राहू दे? … आत्ता राहू दे म्हणतेस? इतका वेळ मला नाचवलंस आणि आता जरा गाडी रुळावर आली तर राहू दे?

… सतरा? कुठले सतरा? … दोनशे सतरा? … वेलीला? … अगं ठमे! यांनी अठरा पाठवला ना तुला? … हळूच बोलतेय. पदर लावलाय फोनला. … तिथल्या दिव्यांखाली अठरा काळपट दिसत होता… हं… म्हणून तू सतरा घेतलास… आणि सांगितलं नाहीस.

… बरोबर आहे गं तुझं, पण यांना कोण सांगणार? रंग दिव्याला विचारून ठरत नसतो, असं म्हणणारा माणूस हा. … हो, खिशात आहे ना रीळ. पडदा नीट झाला की कळणारच. शेडकार्डावर एका घराचा फरक असला तरी कळतो त्यांना. … म्हणजे भडकच ठेवू म्हणतेस? म्हणजे टीव्ही वाईट, तू चांगली? … अगं, भडक ठेवला तर पारव्याचा निळा दिसणार आणि वेल दिसणारच नाही. मग म्हणतील, बघ, गेली पोरीची नजर. … नीट केला तर म्हणतील, माझं ऐकलं नाही. … दोन्हीकडून मार आहे खरा.

ऐक माझं. … ऐक ना. तू स्वतःच्या डोळ्यांनी ठरवलंस ना सतरा? … मग दिसू दे त्यांना. बोलणी खायची तर खऱ्या रंगाची खाऊ. माझी दाबायची तयारी आहे, तू बटण सांग.

… हां. पुन्हा चाक. … सगळ्यात खाली. … आलं. विचारतंय बघ! "घर" आणि "दुकान". … नाही, मी नाही दाबणार. मी दाबलं तर उद्या पुन्हा माझ्या माथी. कोटवाल्या बाई! त्यांना म्हणावं, आत येऊन स्वतःच्या हातानं दाबा. … येतायत. … अगं, आधी दार लोटून घेतलं! "बंद आहे"ची पाटी लावली! दिवसाढवळ्या! माझ्या बहिणीच्या लग्नाच्या दिवशी नव्हती लावली ही पाटी! … कोटवाल्या बाई आतच राहिल्या. बसा बाई, बसा, खुर्चीवरची ती टोपली खाली ठेवा.

… उभे आहेत रिमोट घेऊन. चष्मा वर केला. वाचतायत. … अजून वाचतायत. दोन शब्द आहेत, किती वाचायचे! … म्हणतायत, "पण आहे तर दुकानच." कोटवाल्या बाईंकडे बघून! … पाच मिनिटं राहिलीत आणि यांना… अहो, दाबा की हो घर! राहतो ना आपण इथे!

… बोलले गं मी. … तोंडातून गेलं. नऊ दिवस धरून ठेवलं आणि शेवटच्या घटकेला गेलं. … ते? नुसते बघतायत माझ्याकडे. … दाबलं! … दाबलं गं, "घर". … पडदा काळा झाला. … अगं, बिघडवला का? … आला. आला आला!

… टिमकी गेली. बाबांनी अस्तर काढून पाहिलं, खाली काही नाही. … हो, सिनेमा केलं. … शार्पनेस केलं, दाबून धरलं. … वॉर्म केलं. बाबाच करतायत, मी सांगतेय. म्हणजे मी तुला मोठ्यानं विचारतेय आणि ते ऐकतायत. … जाहिरातीतल्या बाळाच्या गालाला शेडकार्ड लावलं. मान हलवली. पसंत.

… लागलं. चूप. लागलं.

… नावं येतायत. … घर आहे, मोठं… जिना… कुणी नाही अजून… आली! नायिका वरून उतरतेय… अगं बाई. ठमे. पारवा. पारवाच आहे गं! पारव्याच्या मानेवर असतो ना, तस्सा. चालली की पदरागत हलतोय मागे. तू केलास हा? या हातांनी? मला भरून आलंय गं, काय सांगू तुला…

… बाबा उठले. … खिशात हात घातला. … अहो, आडवे येऊ नका, मला दिसत नाही! … गळा जवळून दाखवतायत. वेल दिसतेय, ठमे, पान न् पान दिसतंय. … अठरा लावलं त्यांनी. … काढलं. … पुन्हा लावलं. … श्वास घे गं, मला इथे ऐकू येतोय तुझा.

… रीळ खिशात टाकलं आणि बाहेर गेले. … दुकानात. … मला काय माहीत! रागावलेत की काय. … खण उघडल्याचा आवाज येतोय. … कोटवाल्या बाई, जरा डोकवा हो… बटणं शोधतायत का? … नाही म्हणतात.

… आले. हातात दुसरं रीळ आहे. … सतराचं. ठमे, सतराचं आहे! … ती अजून जिन्यातच उभी आहे, बरं झालं, बोलतेय कुणाशी तरी. … लावलं. … अगं, रीळ कुठलं आणि वेल कुठली, कळेनासं झालं.

… "हं" म्हणाले. … नाही, तो नाही. हा दुसरा "हं". हा मी एकदाच ऐकलाय, तू झालीस आणि नर्सनं तुला यांच्या हातात दिलं तेव्हा.

… थांब, बोलतायत. कोटवाल्या बाईंशी. … म्हणतायत, "अठरा इथे मेला असता. सतराच हवा. पोरीनं बरोबर घेतला." … हो गं, असंच म्हणाले, "पोरीनं". … आता कोटवाल्या बाई रडतायत, त्यांना काय झालं!

अहो, हा घ्या फोन, तुम्हीच सांगा तिला. … घ्या ना. … नको म्हणून हात हलवतायत.

… काय? … काय म्हणालात? … हो, सांगते.

ठमे, ऐकलंस? … नाही ऐकू आलं? मला म्हणाले गं! कोटवाल्या बाईंना नाही, मला! "अगं, तिला सांग, तो झगा घेऊन घरी ये." नऊ दिवसांनी "अगं" म्हणाले! … काय? … हो.

… "घरी" म्हणाले. … दुकानात नाही, ठमे. घरी ये म्हणाले.

… रड, रड. मीही रडतेय. ठेवते मी आता, बघू दे त्यांना नीट. आणि कोटवाल्या बाईंची बटणं राहिलीत अजून.